लाथेला उत्तर पायातच: तात्सुमी रिका विरुद्ध यामाशिता मियू

जपानी महिला रेसलिंग नव्याने पाहू लागलेल्या माणसाला जो तो तीच पाच-सहा नावं सांगतो. त्यांत तात्सुमी रिकाचं नाव क्वचितच येतं. हे परीक्षण तिची बाजू घेऊन लिहिलेलं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

सामना आहे 4 मे 2021 चा. जागा टोकियोतला कोराकुएन हॉल, संस्था टोकियो जोशी प्रो-रेसलिंग, पणाला लागलेलं अजिंक्यपद ‘प्रिन्सेस ऑफ प्रिन्सेस’. विजेती म्हणून रिंगमध्ये उतरते रिका आणि आव्हान द्यायला समोर यामाशिता मियू. या संस्थेचे कार्यक्रम दाखवणारी वर्गणीची सेवा म्हणजे रेसल युनिव्हर्स. निकाल लपवण्यात अर्थ नाही, कारण अजिंक्यपदांच्या कुठल्याही यादीत तो लगेच दिसतो: मियू जिंकते, रिकाचा पट्टा 120 दिवसांत जातो. तरीही हा सामना शोधून पाहावा. रिका किती हुशारीने कुस्ती बांधते ते कळायला मियूइतकी योग्य प्रतिस्पर्धी तिला दुसरी मिळत नाही.

रिकाकडे दुर्लक्ष का होतं, त्याचं एक कारण त्या 120 दिवसांतच आहे. तिच्या आधी साकाझाकी युकाने हा पट्टा 3 नोव्हेंबर 2019 पासून 4 जानेवारी 2021 पर्यंत, म्हणजे 428 दिवस राखला होता. तिच्यानंतर मियूने तो 19 मार्च 2022 पर्यंत, 319 दिवस राखला. दोन लांबलचक कारकिर्दींच्या मध्ये रिकाचे चार महिने चिमटीत सापडल्यासारखे दिसतात. दुसरं कारण म्हणजे जोडीदारीण. वातानाबे मियू ही तिची अनेक वर्षांची जोडीदार (नावाचा उच्चार तोच, माणूस वेगळं). ती अंगापिंडाने दणकट, समोरचीचे दोन्ही पाय धरून तिला गरागरा फिरवणारी. जोडीच्या लढतीत डोळा साहजिकच तिच्याकडे जातो. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण: रिकाचं खरं काम अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात मावत नाही. लाथेची चित्रफीत कापून मोबाइलवर फिरवता येते. दहाव्या मिनिटाला पिरगळलेला गुडघा अठराव्या मिनिटाला दगा देतो, ते कापून दाखवता येत नाही.

आता समोरची बाजू. यामाशिता मियूचा पाया कराटेचा. ऑगस्ट 2013 मध्ये तिने पदार्पण केलं, संस्थेचा पहिला नियमित कार्यक्रम व्हायच्याही आधी. या अजिंक्यपदाची ती पहिली मानकरी, 4 जानेवारी 2016 ची. 2024 पर्यंत तिने ते चार वेळा जिंकलं होतं. तिची मुख्य हत्यारं दोन: डोक्यावर बसणारी ‘स्कल किक’ आणि धाव घेऊन केलेला अखेरचा प्रहार, ‘क्रॅश रॅबिट हीट’. जोडीला ‘अ‍ॅटिट्यूड अ‍ॅडजस्टमेंट’. हा जॉन सिनाचा डाव आपल्याकडे शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे: प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवं उचलायचं आणि पाठीवर आपटायचं.

प्रो-रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो हे खरं, पण लाथ लागते हेही खरं. छातीवर मारायची लाथ चवड्याने मारत नाहीत. नडगी किंवा पावलाचा वरचा सपाट भाग छातीच्या स्नायूवर पसरट बसवायचा असतो. पसरट बसली की आवाज मोठा आणि मार विभागलेला. चवडा किंवा बोटं बरगडीत घुसली तर आवाज कमी आणि दुखापत जास्त. लाथ चार बोटं वर गेली तर गळपट्टीचं हाड, त्याच्याही वर गेली तर गळा. मार खाणारीचं कामही तितकंच अचूक लागतं: छाती उघडी, हात मागे किंवा बाजूला, हनुवटी आत, आणि लाथ बसण्याच्या क्षणी श्वास बाहेर. जी घाबरून अंग चोरते किंवा अर्धी वळते, तिला लाथ खांद्याच्या सांध्यावर किंवा दंडावर बसते, आणि आवाजही फुटका येतो. रिका अंग चोरत नाही. मियूच्या लाथेखाली छाती उघडी ठेवणं हा कौशल्याचाच भाग आहे, पण त्याचं श्रेय बहुतेक वेळा लाथ मारणारीच घेऊन जाते.

लाथेची ताकद मारणाऱ्या पायात नसते, उभ्या पायात असते. उजव्या पायाने मारणारीचा डावा पाय चवड्यावर फिरतो, त्यावर खुबा फिरतो, आणि ते सगळं वजन उजव्या नडगीतून बाहेर पडतं. म्हणजे लाथ मारणारीविरुद्ध पायावर काम करायचं तर दोन वाटा. मारणारा पाय दुखावला तर प्रत्येक फटक्याची किंमत तिला स्वतःला मोजावी लागते. उभा पाय दुखावला तर फटका बसतो, पण फिरकी अपुरी राहते आणि मारणारीच डगमगते. रिकाचा कुठलाही सामना पाहताना पहिली गोष्ट हीच बघावी: तिने कुठला पाय निवडलाय, आणि मध्येच बदललाय का. प्रेक्षक ही निवड पाहत नाहीत, म्हणून तिचं काम त्यांना नुसतं ‘पाय पिरगळणं’ वाटतं.

तालमीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. पट काढायला पाय कोणता धरायचा, वजन कुठल्या पायावर आहे, हे पाहूनच पैलवान खाली वाकतो.

जपानमध्ये या युक्तीला मोठी परंपरा आहे. 9 ऑक्टोबर 1995 रोजी टोकियो डोममध्ये मुतो केइजीने ताकादा नोबुहिकोला हरवलं. ताकादा म्हणजे यूडब्ल्यूएफ-आय या संस्थेचा लाथबहाद्दर. मुतोने ‘ड्रॅगन स्क्रू’ने त्याचा पाय पिरगळला आणि मग ‘फिगर फोर’मध्ये, म्हणजे पाय 4 च्या इंग्रजी आकड्यासारखे गुंतवणाऱ्या पकडीत, अडकवून त्याला हार मानायला लावली. लाथ मारणाऱ्याचा पायच काढून घ्यायचा, हा धडा त्या रात्रीपासून जपानी प्रेक्षकाच्या मनात पक्का आहे. रिका मियूसमोर ड्रॅगन स्क्रू आणि फिगर फोर घेऊन उभी राहते तेव्हा हॉलमधल्या जुन्या प्रेक्षकाला तो संदर्भ आपोआप लागतो. आपल्याला तो माहीत असला तर सामन्याची गोडी दुप्पट होते. नावाचीही एक गंमत आहे. ड्रॅगन स्क्रू आणि ड्रॅगन स्लीपर हे डाव ज्याच्या ‘ड्रॅगन’ या टोपणनावावरून ओळखले जातात, त्या फुजिनामी तात्सुमीचं नाव 1990 पर्यंत ज्या दोन चित्रलिपी अक्षरांनी लिहीत, त्याच दोन अक्षरांनी रिकाचं ‘तात्सुमी’ हे आडनाव लिहितात. त्यांतलं पहिलं अक्षर राशीचक्रातल्या ड्रॅगनचं.

ड्रॅगन स्क्रू दिसायला सोपा, करायला धोक्याचा. समोरचीचा पाय, बहुतेक वेळा आलेली लाथच, पकडायचा. घोटा काखेशी आणि नडगी छातीशी घट्ट दाबायची. मग स्वतः आतल्या बाजूला गिरकी घेत खाली जायचं. पाय अडकलेला असल्यामुळे समोरची हवेत फिरून पाठीवर पडते. इथे सगळं वेळ साधण्यावर असतं. डाव खाणारीने गिरकी सुरू होताच उभ्या पायाने उडी घेऊन बरोबरीने फिरायला हवं. ती अर्धा क्षण उशिरा उडाली तर मांडी जागेवर राहते, नडगी फिरते आणि मधल्या गुडघ्याचे स्नायुबंध पिळले जातात. करणारीने नडगी छातीपासून सैल सोडली तर डाव फसतो: ती एकटीच लोळते आणि समोरची नुसती बसल्यासारखी खाली येते. रिकाच्या ड्रॅगन स्क्रूत बघायची खूण ही की पकडलेला पाय शेवटपर्यंत तिच्या छातीला चिकटलेला असतो. पडल्यावरही ती तो लगेच सोडत नाही.

फिगर फोरबद्दल एक गैरसमज नेहमी आढळतो: बसवला की झालं. खरी मारामारी बसवण्याआधीची आहे. समोरची पाठीवर पडलेली हवी, एक पाय धरून स्वतःच्या पायाभोवती वळायला जागा हवी. नेमकं पाठ वळवलेल्या त्या क्षणी मोकळा पाय कमरेवर बसतो आणि करणारी दोरखंडांवर फेकली जाते. मियूसारखीचा मोकळा पाय म्हणजे भरलेली बंदूकच. म्हणून आधी दोन-तीन ड्रॅगन स्क्रू, गुडघ्यावर घाव, पाय दोरीवर ठेवून त्यावर वजन टाकणं, अशी तयारी लागते. ती तयारी नसेल तर फिगर फोर खोटा वाटतो. रिका तयारीत कंजुषी करत नाही, आणि याच भागाला घाईतला प्रेक्षक संथ म्हणतो.

जागाही महत्त्वाची. रिंगची एक बाजू साधारण 6 मीटर, म्हणजे बरोबर मध्यावर डाव लागला तर दोरी सुमारे 3 मीटरवर. पाय अडकलेल्या अवस्थेत हातांवर 3 मीटर सरकणं म्हणजे मोठी लढाई. कडेला लावलेला फिगर फोर पंधरा सेकंदांत दोरीला हात लागून सुटतो, पंच पाच अंक मोजतो आणि मेहनत वाया. दुसरा तोटा म्हणजे पालथं होणं. अडकलेलीने दोघींना मिळून पालथं केलं तर ताण उलटून करणारीच्याच पायावर येतो. म्हणून करणारीचे तळहात पाठीमागे जमिनीवर पसरलेले दिसले पाहिजेत. ते पसरलेले नसतील तर ती उलटणार हे आधीच कळतं.

पायांचं काम हा झाला सांगाडा. रिकाचं खास हत्यार मात्र वेगळंच आहे: हिप अ‍ॅटॅक, म्हणजे उडी मारून, हवेत वळून, पार्श्वभागाने दिलेली धडक. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू येतं. जपानात कोशिनाका शिरोने हा डाव मोठ्या गंभीरपणे वर्षानुवर्षं वापरला आणि लोकांनी तो तितक्याच गंभीरपणे स्वीकारला. शरीरातले सगळ्यांत जड स्नायू तिथेच असतात. पूर्ण वजनाने ते तोंडावर आले की हसू थांबतं. रिका हा डाव वरच्या दोरीवरूनही टाकते. त्यात चूक होते ती अंतराची. लवकर वळलं तर वेग जातो आणि नुसता धक्का बसतो. उशिरा वळलं तर मांडीचं हाड समोरचीच्या दातांवर. आणि समोरची बाजूला झाली तर करणारी सरळ माकडहाडावर आपटते. मियूविरुद्ध यात आणखी एक जोखीम आहे. लाथेला एका पायाइतकं अंतर लागतं, म्हणून तिच्या अंगाशी भिडणं शहाणपणाचं. पण हिप अ‍ॅटॅकसाठी तिच्याकडे पाठ करावी लागते, आणि ज्या बाईची लाथ डोक्याच्या उंचीवर येते तिच्याकडे पाठ करणं म्हणजे मानगूट पुढे करणं. प्रत्येक हिप अ‍ॅटॅकच्या आधी हा हिशेब मनात ठेवून पाहा. तो विनोदी डाव उरत नाही, जुगार होतो.

तिचा शेवटचा डाव ‘व्हाइट ड्रॅगन स्लीपर’. मूळ ड्रॅगन स्लीपरमध्ये समोरचीचं डोकं मागून काखेत घेतात, तोंड छताकडे, आणि मान मागे खेचतात. यात गळा आणि पाठीचा कणा दोन्ही ताणले जातात. पायावर इतका वेळ काम करून शेवट मानेवर का, असं वाटू शकतं. उत्तर सोपं आहे: मागे खेचल्या गेलेल्या बाईला उठून सुटायचं असतं, आणि उठायला पायच लागतात. सिनाचा डाव मियूकडून अडतो तोही इथेच. दुखऱ्या गुडघ्याने समोरचीचं वजन खांद्यांवर घेऊन ताठ उभं राहता येत नाही. ती उचलते, गुडघा लचकतो, रिका मागे घसरून मान धरते. दोघींच्या डावांची अशी गुंफण जिथे जिथे जमते, तिथे ही जोडी पहिल्या दर्जाची आहे.

उणीव आहेच. पायावरच्या कामाचा खरा भार मार खाणारीवर असतो. लाथ मारून झाल्यावर मियूने गुडघा धरला, लंगडली, पिन करायला, म्हणजे समोरचीचे खांदे जमिनीला टेकवून धरायला, दोन क्षण उशिरा पोचली, तर रिकाची पंधरा मिनिटं सार्थकी लागतात. शेवटच्या धुमाळीत ती तो गुडघा विसरून पूर्ण वेगाने धावली की आधीचं सगळं फुकट. लाथ हेच ज्यांचं भांडवल, अशा बहुतेक कुस्तीगीरांचा हा दोष आहे आणि मियूही त्यातून पूर्ण सुटलेली नाही. रिकाच्या बाजूने बोलायचं तर तिचे कोपराचे फटके मियूच्या तोडीचे नाहीत. दोघी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना फटके देतात तेव्हा तोल उघड ढळतो. तो भाग आखूड असलेलाच बरा. चेहऱ्याच्या अभिनयात मात्र रिका फार पुढे आहे. पांढरा पेहराव, गोड हसू, आणि चार लाथा खाल्ल्यावर त्याच हसण्यात उतरणारा वेडेपणा. कॅमेरा जवळ आला की डोळ्यांकडे पाहा.

पाहण्याची तयारी थोडी करावी. जपानी क्रमात आडनाव आधी येतं, इंग्रजी शोधात बहुतेकदा नाव आधी. शोधून मिळालं नाही तर क्रम उलटा करून पाहा, किंवा थेट तारखेने कार्यक्रम काढा. ‘मियू’ नावाच्या दोघी आहेत हे विसरलात तर भलताच सामना उघडाल. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथला संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम आपल्याकडे दुपारी तीनला, आणि दुपारी बाराचा आपल्या सकाळी साडेआठला. दर वर्षी 4 जानेवारीला या संस्थेचा कोराकुएनमधला कार्यक्रम दिवसा होतो, तो थेट पाहायचा तर सकाळ मोकळी ठेवा. वर्गणी येनमध्ये कापली जाते, तेव्हा कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते आधी बँकेच्या ॲपमध्ये पाहावं, आणि पैसे भरण्याआधी महिना कुठल्या तारखेपासून मोजतात ते वाचावं. संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर काही सामने मोफत असतात. पैसे भरण्याआधी रिकाची एखादी जोडीची लढत तिथे पाहून आवड तपासता येते. जपानी येत नसेल तर अनेक मोठ्या कार्यक्रमांना इंग्रजी समालोचनाचा पर्याय आहे, आणि त्या आवाजांत भारतीय कुस्तीगीर बलियान अक्कीचा आवाजही ऐकायला मिळतो. तो स्वतः जपानात कुस्ती करतो, त्यामुळे डावाचं नाव सांगून थांबत नाही.

इयरफोन लावा. 2021 मध्ये कोव्हिडच्या नियमांमुळे जपानी हॉलमध्ये ओरडायला मनाई होती, हाका नाहीत की आरोळ्या नाहीत. त्यामुळे गर्दीच्या आवाजात एरवी बुडणाऱ्या गोष्टी ऐकू येतात: नडगी छातीवर बसल्याचा फटका, फळीवर पाठ आपटल्याचा घुमारा, दोघींचे श्वास. डब्ल्यूडब्ल्यूईची सवय असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: जपानात रिंगबाहेरची मोजणी बहुतेक ठिकाणी 20 पर्यंत चालते. बाहेर पडलेली कुस्तीगीर सावकाश उठते म्हणून चिडू नका, तेवढा वेळ तिला नियमानेच मिळतो.

एकटा हा सामना पाहण्यापेक्षा तीन ओळीने पाहावेत. आधी 4 जानेवारी 2021, रिका विरुद्ध साकाझाकी युका, जिथे तिने पट्टा जिंकला. युका उडणारी, म्हणून तिथे पायावरच्या कामाचा अर्थ वेगळा: उडी मारणारीची जमीन काढून घ्यायची. मग 4 मेचा हा सामना. आणि मग 9 ऑक्टोबर 2021, मियू विरुद्ध इतो माकी. इतोचं बळ डोक्याच्या धडकेत आणि जिद्दीत, पायावर पद्धतशीर हल्ला हा तिचा बाणा नाही. त्याच मियूच्या त्याच लाथा तिथे किती मोकळ्या सुटतात ते पाहिलं की पाच महिन्यांपूर्वी रिकाने त्या किती महाग केल्या होत्या याचं माप मिळतं.

वेळ कमी असेल तर इतोचा सामना सोडा, युकाचा सोडू नका. 4 मेचा सामना शक्यतो दोनदा पाहा: पहिल्यांदा जसा आहे तसा, दुसऱ्यांदा फक्त मियूच्या उभ्या पायावर नजर ठेवून.